शेतावरची बकरी

गॉर्डन पावलिक कवळ्या बनवायचा. शिकागोच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांतली बरीच म्हातारी माणसं त्याने घडवलेल्या दातांनी मका खात, एकमेकांना शिव्या देत आणि नाताळच्या फोटोत हसत. त्यांतलं एकही माणूस गॉर्डनला पाहून हसलं नव्हतं. हे दुःख त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण ते दुःख आहे हे त्याला चाळिशीपर्यंत माहीतच नव्हतं.

चाळिशीत मालकाने त्याला सांगितलं, की दातांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलताना तू पुटपुटतोस, कुठेतरी जाऊन बोलायला शिक. गॉर्डनने वर्तमानपत्रात एक जाहिरात पाहिली आणि भाषणकलेचा वर्ग समजून बेलमाँट रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या बोलिंगच्या अड्ड्याचा जिना चढला. वर भाषणकला नव्हती. वर दहा-बारा माणसं अनवाणी उभी राहून एकाच वेळी टोस्टर झाली होती, आणि बर्निस ऑस्टर नावाची, सतत खोकणारी एक बाई त्यांना विचारत होती, "पाव कोण आहे? सगळेच टोस्टर झाल्यावर पाव कोण होणार?"

दारातला गॉर्डन, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत, पुढे गेला आणि पाव झाला. तिथून पुढची दहा-अकरा वर्षं तो पावच राहिला.

बर्निसच्या थिएटरात नाटक लिहिलेलं नसे. प्रेक्षकांकडून एक शब्द मागायचा. त्या शब्दावरून गटातल्या कोणीतरी आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची. मग सात जणांनी मिळून त्या गोष्टीतून पाऊण तासाचा खेळ जागच्या जागी उभा करायचा: आधी काही प्रसंग, मग तेच प्रसंग आणखी चढवलेले, आणि शेवटी सगळ्यांची एकमेकांत गाठ. रंगमंचावर दोन खुर्च्या, बाकी काही नाही. नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. समोरचा जे म्हणेल ते खरं धरायचं आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला, आपण पाणबुडीत आहोत, तर आपण म्हणायचं, हो, आणि स्वयंपाकघरात पाणी शिरलंय. 'नाही' म्हणणारा माणूस खेळ मारतो. बर्निसला त्यापेक्षा खून परवडला असता.

गॉर्डनच्या गटाचं नाव 'शेजाऱ्याचा फ्रीज'. ते कोणी का ठेवलं हे विचारायचं नसे. त्या गटात गॉर्डन झाड झाला, दार झाला, घोडा झाला, आणि प्रेतं तर त्याने इतकी केली की नवे विद्यार्थी त्याला पाहून आवाज खाली आणत. प्रसंग मरायला लागला की रंगमंचाच्या पुढून पळत जाऊन तो संपवायचा, हे कामही त्याचंच. प्रेक्षकांना तो आठवत नसे. दार कोणाला आठवतं? पण प्रयोगाआधी पडद्यामागे प्रत्येकाने प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून 'तुझ्या पाठीशी आहे' म्हणायची रीत होती. आईच्या पश्चात रिकाम्या झालेल्या, बर्विन उपनगरातल्या घरात आठवडाभर गॉर्डनला कोणाचा हात लागत नसे. गुरुवारी सहा लागत. बाकीचे दिवस तो गुरुवारच्या अलीकडे किंवा पलीकडे म्हणून ओळखी.

जानेवारीत बर्निसने गटातल्या सहा जणांना बोलावलं. सातव्याला बोलावलं नाही. त्यावरून सहा जणांना विषय कळायला हरकत नव्हती, पण सगळ्यांनी चेहरे कोरे ठेवले. ते त्यांना शिकवलेलंच होतं.

किप नावाचा एक तरुण होता. टीव्हीवरच्या जाहिरातीत तो टायरमधून डोकं काढून डोळा मारायचा, आणि त्या डोळ्यासाठी मुली तिकीट काढून थिएटरात यायच्या.

"किप तुमच्यात येतोय," बर्निस म्हणाली. "आठ माणसं उभी केली की रंगमंचाचा बसथांबा होतो. एक कमी करा. कोण ते मी सांगणार नाही. मी खाटीक नाही."

"मग कोण सांगणार?" ड्वाइटने विचारलं. ड्वाइट विम्याचा माणूस. जबाबदारी कोणाची हा प्रश्न त्याला सगळ्यात आधी सुचायचा.

"गट तुमचा. ठरवा तुम्ही आणि सांगाही तुम्हीच. मार्चच्या पहिल्या गुरुवारी मला आठ डोकी दिसता कामा नयेत."

सहा जण कोपऱ्यावरच्या खाणावळीत बसले. कोणी अंडी कशी घ्यायची यावर बराच खल झाला. गॉर्डनवर झाला नाही. त्याला सांगायचं काम नोरीनकडे आलं, कारण ती शाळांमध्ये बदली शिक्षिका होती आणि तिचा आवाज मऊ होता.

शनिवारी नोरीन त्याला बीफ सँडविच खायला घेऊन गेली. उभ्याने, कोपरं कठड्यावर टेकून, रस्सा कपड्यांवर सांडू नये म्हणून दोघं पुढे वाकून खात होते.

"गॉर्डी, तुझ्याशी बोलायचंय जरा."

"मलापण. तू आधी."

"तू बोल रे. माझं काय, होईल नंतर."

"उन्हाळ्यात कॅन्सस सिटीला महोत्सव आहे," गॉर्डन म्हणाला. "देशभरातले गट येतात. मला वाटतं, आपण जावं."

नोरीनने तोंड उघडलं. पुढे जे झालं त्यात तिचा दोष किती आणि शिक्षणाचा किती, हे सांगणं अवघड आहे.

"हो," ती म्हणाली, "आणि सगळे एकाच गाडीतून जाऊ."

"सात जण एका गाडीत कसे मावणार?"

"हो ना, आणि म्हणून तर व्हॅन लागेल."

गॉर्डनचे डोळे चमकले. घरी आल्यावर नोरीनने ड्वाइटला फोन केला.

"सांगितलंस?"

"तो व्हॅन घेतोय."

मग ड्वाइट म्हणाला, "कोणती?"

ड्वाइटने ठरवलं, की बायकांना हे जमायचं नाही, आपणच जावं. तो बर्विनला गेला, गॉर्डनच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या हातचे डंपलिंग, म्हणजे चेक लोकांचे पिठाचे उकडलेले गोळे, खाल्ले, आणि परत आला तेव्हा गटासाठी छातीवर नावं शिवलेली जाकिटं करायची ठरली होती. निळ्या रंगाची कल्पना ड्वाइटची. त्याने ती स्वतःहून कबूल केली नाही, जाकिटं आल्यावर कळलं. व्हॅन एका लुथरन चर्चने विकायला काढलेली मिळाली. तिच्या अंगावरची अक्षरं गॉर्डनने खरवडून काढली, तरी ऊन तिरकं पडलं की 'येशू तुमची वाट पाहतो' हे अजून वाचता यायचं.

कोणी म्हणेल, की ही माणसं दुष्ट होती. तशी ती नव्हती. इतरांशी वागताना ती ठणठणीत नाही म्हणायची. ड्वाइटचा तर तो धंदाच होता. पण एकमेकांसमोर आली की त्यांच्या जिभेला एकच वळण उरलं होतं. समोरच्याने काही मांडलं की ते उचलायचं आणि त्यावर मजला चढवायचा. गॉर्डन मांडत होता आणि सहा जण मजले चढवत होते. खाली पाया नाही हे सहाही जणांना ठाऊक होतं, आणि वरच्या मजल्यावर पडदे कोणते लावायचे यावर त्यांचं एकमत होत होतं.

फेब्रुवारीत त्यांना देवाने एक संधी दिली. गॉर्डनच्या मालकाने वर विस्कॉन्सिनमध्ये, रसीन गावात, नवी प्रयोगशाळा काढली आणि गॉर्डनला तिचा प्रमुख म्हणून बोलावलं. पगार चांगला, तळ्याकाठी घर, हाताखाली माणसं. अडचण एकच: काम दुपारी सुरू होऊन रात्री संपणारं. म्हणजे गुरुवार गेला.

तालमीच्या वेळी गॉर्डनने हे सगळ्यांना सांगितलं. जाकिटं त्या दिवशी पहिल्यांदाच अंगावर होती.

"मला वाटतं, जाऊ नये," तो म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. 'जा' एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. सगळं सुरळीत झालं असतं, आणि वर निरोपाचा केक मिळाला असता.

"हो," ड्वाइट म्हणाला, "आणि तू गेलास तर फ्रीजची वायर कोण लावणार?"

"हो, आणि रसीनला गुरुवार नसतोच," नोरीन म्हणाली. "तिथे बुधवारनंतर थेट शुक्रवार."

"आणि तळ्याकाठी राहणाऱ्यांचे दात पडतात," कोणीतरी म्हणालं.

"म्हणून तर बोलावतायत त्याला."

सगळे हसले. गॉर्डन सगळ्यात जास्त हसला. त्या हिवाळ्यातली ती सगळ्यात रंगलेली तालीम होती असं नंतरही सगळ्यांचं मत होतं. सकाळी गॉर्डनने मालकाला फोन करून नकार कळवला. तो अजिबात पुटपुटला नाही.

मार्चचा पहिला गुरुवार आला. जिन्यात बर्निसने नोरीनला अडवलं.

"सांगितलं?"

"आज सांगते. प्रयोग झाला की लगेच."

"किप पहिल्या रांगेत बसलाय. शेवटचा दिवा गेला की मी त्याला वर बोलावणार आणि नाव जाहीर करणार. मध्ये तुला वेळ कुठून मिळणार, बाई?"

पडद्यामागे थापा सुरू झाल्या होत्या. "तुझ्या पाठीशी आहे, गॉर्डी," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. सहाही जणांनी मारली. त्या दिवशी जरा जोरातच लागल्या.

प्रेक्षकांतून शब्द आला, 'कुत्रा'. खरी गोष्ट सांगायला एरवी ड्वाइट पुढे व्हायचा. त्या दिवशी ड्वाइटला स्वतःविषयी काही खरं सांगायची इच्छा नव्हती. जागा रिकामी राहिली आणि गॉर्डन पुढे गेला.

"आमच्याकडे पेपिक नावाचा कुत्रा होता," त्याने सुरुवात केली. "मी सात-आठ वर्षांचा. तो म्हातारा झाला, मागच्या पायांनी चालेना. एक दिवस शाळेतून आलो तर पेपिक नाही. बाबा म्हणाले, त्याला विस्कॉन्सिनमध्ये शेतावर पाठवलाय, तिथे पळायला भरपूर जागा आहे."

प्रेक्षकांत हसू फुटलं. या देशात म्हातारा कुत्रा मारून टाकला की मुलांना हेच शेत सांगतात; ज्याच्या घरी कुत्रा होता, त्याच्या घरी ते शेतही होतं.

"मी रडलो. मग आई म्हणाली, तिथे त्याला रोज सूप मिळतं. मावशी म्हणाली, मी जाऊन पाहून आले, त्याचं वजन वाढलंय. काका म्हणाले, त्याची एका बकरीशी मैत्री झालीय, दोघं एकत्र झोपतात. मी बकरीचं चित्र काढून फ्रीजवर लावलं. दरवर्षी नाताळात मी विचारायचो आणि दरवर्षी त्या शेतात काहीतरी वाढायचं. तळं आलं. मग बदकं आली. बाबा वारले तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. अंत्यविधीनंतरच्या जेवणात मी काकांना म्हटलं, ती बकरी पण आता गेली असेल. काकांच्या घशात कोलाचेचा, आमच्या चेक गोड पावाचा, घास अडकला."

लोक हसले. गॉर्डनला ते हसणं नवीन होतं. ते त्याला पाहून होतं.

खेळ सुरू झाला. ड्वाइट बाप झाला, नोरीन आई, बाकीचे मावश्या आणि काका. गॉर्डन कुत्रा झाला. तो दोन खुर्च्यांच्या मधे गुडघ्यांवर बसला, आणि हे त्याने कधी केलं नव्हतं असं नाही, पण यावेळी त्याने कुत्र्याला बोलतं केलं. हळू, सभ्य, बँकेत चौकशी करायला आलेल्या माणसासारखं.

"आपण कुठे चाललोय?"

"शेतावर," ड्वाइट स्टिअरिंग धरून म्हणाला.

"बरं. पाहुणा म्हणून, की कायमचं?"

हशा. प्रत्येक फेरीत तो प्रसंग परत आला. प्रत्येक वेळी कुत्रा एक साधा प्रश्न विचारी आणि घरचे एक एक भर घालत. शेतावर तळं आहे. हो, आणि तळ्याला उशी आहे. हो, आणि तिथे मागचे पाय नवे लावून देतात. लोक डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत किप मांडीवर थापा मारत होता. शेवटच्या फेरीत सहाही जण खुर्च्यांभोवती गोळा झाले. गॉर्डन खाली, त्यांच्या मधे.

"मग एक सांगा," कुत्रा म्हणाला. "इतकं चांगलं शेत आहे, तर तुमच्यापैकी कोणी का नाही येत?"

आता भर घालायची पाळी नोरीनची होती. तिने भात्यात पाहिलं. तळं, बकरी, उशी, सगळं वापरून झालं होतं. वर काचेच्या खोलीत बर्निसचा हात दिव्याच्या बटणाकडे जाताना तिला दिसला. सँडविचच्या कठड्याशी जे तिला जमलं नव्हतं ते इथे, शंभर लोकांसमोर, अगदी सोपं वाटलं. रंगमंचावर ती नेहमीच धीट होती.

"शेत नाहीये, राजा," ती मऊ आवाजात म्हणाली. "आम्ही मतं घेतली. तुझ्याजागी दुसरा आणलाय. तरुण आहे. तो बघ, तिथे बसलाय."

तिने पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. किपने, सवयीने, डोळा मारला. लोक फुटले.

गॉर्डनने किपकडे पाहिलं. मग सहा जणांकडे, एकेक करून. सहाही जण हसत होते, कारण प्रसंगाला हसू हवं होतं. डोळे मात्र हसत नव्हते, आणि गॉर्डन दहा-अकरा वर्षं त्या डोळ्यांसमोर झाड म्हणून उभा होता. सगळ्यांना जरा वेळ वाटलं, की हा आता 'नाही' म्हणणार.

"हो," कुत्रा म्हणाला, "आणि मला ते कळलं होतं. नुसतं शेत म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला असता. तुम्ही बकरी घातलीत ना, तिथे कळलं."

मग तो चारी पायांवर उठला, मागचे दोन ओढत ओढत कडेला गेला आणि अंधारात निघून गेला. दिवा गेला. त्या थिएटरात इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या असं लोक अजून सांगतात. उभे राहून वाजवत होते. टाळ्या थांबायच्या आत दिवा आला, बर्निसने किपला वर बोलावलं, आणि लोकांना वाटलं की हाही खेळाचाच भाग आहे. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागे गॉर्डन गुडघे झटकत बसला होता. बर्निस त्याच्याजवळ आली. ती कोणाचं कौतुक करत नसे.

"इतक्या वर्षांत तुझं हे सगळ्यात चांगलं काम," ती म्हणाली.

"मग?" गॉर्डनने विचारलं.

"मग काय? योग्य जागी थांबलास. बहुतेकांना ते साधत नाही." तिला खोकला आला. तो ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि तू स्वतः कबूल केलंस, गॉर्डन. शंभर माणसांनी ऐकलंय."

त्यावर वाद नव्हता. तिथे बोललेलं खरं धरायचं असतं.

सोमवारी त्याने मालकाला फोन केला. रसीनची जागा मालकाच्या पुतण्याला दिली होती. त्याला कवळीतलं काही कळत नव्हतं, पण तो हो म्हणाला होता. "तुझं बोलणं मात्र फार सुधारलंय," मालक म्हणाला. "एकेक शब्द स्पष्ट ऐकू येतो. त्या वर्गाचा फायदा झाला बघ तुला."

नोरीनने एक कार्ड पाठवलं. बाकीच्यांनी त्यावर सह्या केल्या आणि ड्वाइटने सहीखाली एक कुत्रा काढला. मग जूनपर्यंत कोणाचं काही आलं नाही. जूनमध्ये ड्वाइटचा फोन आला.

"गॉर्डी, कसा आहेस? आठवण येते रे तुझी. एक विचारायचं होतं. कॅन्सस सिटीला आमचं नाव लागलंय. आणि ती व्हॅन…"

"हो," गॉर्डन म्हणाला, "आणि मीच चालवेन. तिचा क्लच फार घट्ट आहे, तुम्हाला जमणार नाही."

ड्वाइट म्हणाला, वा, हे तर फारच छान, आणि नाष्टा आम्ही आणू.

ते निघाले ती सकाळ चांगली होती. मागे सात जण बसले. सातवं जाकीट किपच्या अंगावर होतं. ते त्याला खांद्यात घट्ट व्हायचं, आणि छातीवर 'गॉर्डी' लिहिलेलं होतं. किपला ते विनोदी वाटलं आणि इतर सहा जणांनी मान्य केलं की ते आहेच विनोदी. इलिनॉय राज्य संपेपर्यंत दोन्ही बाजूंना मका होता. मागे गाणी झाली, नकला झाल्या, पेट्रोलपंपावर डोनट झाले. गॉर्डन आरशात मधूनमधून पाहत होता आणि नेमक्या वेगाने गाडी चालवत होता. त्याला कोणी काही विचारलं तर तो उत्तर द्यायचा. आत प्रयोग असताना तो बाहेर गाडीतच थांबणार हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. पार्किंगच्या आवारात सावली आहे असं त्याने म्हटलं, आणि आणखी बऱ्याच जणांनी सांगितलं की तिथे वाराही असतो.

मिसिसिपी नदी ओलांडल्यावर रस्ता जरा वळला आणि उजव्या हाताला एक शेत आलं. लाल रंगाचं कोठार, पाठीमागे छोटं तळं. कुंपणाच्या खालच्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवून एक बकरी उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे बघत होती.

गॉर्डनने वेग कमी केला. मागचं गाणं बंद झालं.

"बकरी," तो म्हणाला.

मागे सात माणसं होती, सातही शिकलेली. कोणीच त्यात भर घातली नाही.